नझीर सापडत नाही

वारसनोंदीसाठी आजोबांच्या नावाचा जुना उतारा हवा होता. कोल्हापुरातल्या एका कार्यालयात कारकुनाने संगणकावर ‘नझीर’ टाइप केले. “या नावाची नोंदच नाही,” तो म्हणाला. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या वेळी ‘ज’खाली नुक्ता देऊन ‘नज़ीर’ शोधले, तेव्हा आजोबा सापडले.

हा घोळ संगणकाच्या आधीचा आहे. उर्दूत झ उच्चाराची चार अक्षरे आहेत: झाल, झे, झ्वाद, झोय. झालने लिहिलेला नझीर म्हणजे सावध करणारा; झोयने लिहिलेला म्हणजे दाखला, तोडीचा. देवनागरीत दोघे एक झाले. मोडीत तर ऱ्हस्व-दीर्घाचाही भेद पाळला जात नसे. 1906 साली शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात मोहामेडन एज्युकेशन सोसायटी निघाली, आमची मुले शाळेत जाऊ लागली, तशी ही नावे मराठी कागदावर चढू लागली. कुणी नजीर लिहिले, कुणी नझीर. वाचणारा माणूस होता, त्यामुळे अडले नाही.

संगणक वाचत नाही, आकडे जुळवतो. 1991 साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. देवनागरीची मांडणी तिने ‘इस्की’ या भारतीय मानकाच्या 1988 च्या रूपावरून घेतली. त्यात नुक्त्याचा ज दोन प्रकारे लिहिता येतो: एकच सांकेतांक देऊन, किंवा ज आणि नुक्ता असे दोन देऊन. डोळ्याला फरक दिसत नाही, यंत्राला मात्र ती दोन वेगळी नावे.

क्रमाचेही तसेच. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्यामध्ये आहे. निव्वळ सांकेतांकांनी लावलेल्या यादीत मुळीक मुश्रीफांच्या आधी येतात आणि क्षीरसागर ‘क’मध्ये जाऊन बसतात. शेवटच्या पानावर शोधणारा हात हलवत परततो.

उपाय अवघड नाही. शोधाआधी नुक्त्याची दोन्ही रूपे एक करावीत, ज आणि झ एकत्र शोधावेत, यादी मराठी क्रमाने लावावी. मूळ नोंद मात्र जशीच्या तशी ठेवावी. तिच्यात लिहिणाऱ्याचा कान आहे.

कारकुनाचा मला राग नाही. पडद्यावर जे दिसले ते त्याने सांगितले. पण ‘सापडले नाही’ आणि ‘नव्हतेच’ यांत अंतर आहे. ते अंतर विसरले, की हयात इथे काढलेला माणूस एका नुक्त्यापायी परका ठरतो.