सिन नोंब्रे विषाणू आणि डिअर माउस

सिन नोंब्रे विषाणू हे अमेरिकेतील रानउंदरांमार्फत माणसाला होणाऱ्या हंटाविषाणूजन्य फुप्फुसरोगाचे प्रमुख कारण. मे १९९३ मध्ये न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो व यूटा ही राज्ये मिळतात त्या भागात धडधाकट तरुण माणसे अचानक श्वास कोंडून दगावू लागली. रोगनियंत्रण केंद्राने (सीडीसी) काही आठवड्यांतच जनुकीय चाचणीने हा नवा हंटाविषाणू ओळखला. त्याचा वाहक डिअर माउस (पेरोमिस्कस मॅनिक्युलेटस) ठरला.

एल निन्यो या हवामान-घटनेमुळे १९९२-९३ मध्ये या कोरड्या प्रदेशात भरपूर पाऊस झाला, पिन्यॉन पाइनच्या बिया व गवत वाढले आणि उंदीरही बेसुमार झाले. तेथील नावाहो जमातीतील वृद्धांना पाऊस, उंदीर व रोग यांचा संबंध आधीच ठाऊक होता. त्यांच्या परंपरेत उंदीर घरापासून दूर ठेवण्याची शिकवण आहे.

विषाणूचा आरएनए तीन खंडांचा असून, एकाच उंदराला दोन प्रकारांची लागण झाल्यास खंडांची अदलाबदल होऊ शकते. लागण झालेला उंदीर आजारी दिसत नाही. उंदरांमध्ये प्रसार मुख्यतः चाव्यांतून होतो, म्हणून प्रौढ नरांत लागण अधिक आढळते. न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या संग्रहालयात गोठवून ठेवलेल्या जुन्या ऊतींतही हा विषाणू सापडला. तो नवा नव्हता, हे सिद्ध करणाऱ्या अशा संग्रहांचे मोल फार मोठे आहे.

वाळलेले मलमूत्र धुळीतून श्वासात गेल्याने माणसाला लागण होते. एकतृतीयांशाहून अधिक रुग्ण दगावतात. बंद खोलीतील लेंड्या कोरड्या झाडू नयेत. जंतुनाशकाने भिजवून पुसाव्यात.