नाव परत मिळालेली माणसं

ऐंशीच्या दशकात वेटलिफ्टिंग पाहणाऱ्यांना नईम सुलेमानोव हे नाव आठवत असेल. दक्षिण बल्गेरियातल्या प्तिचार नावाच्या खेड्यात, तुर्की कुटुंबात १९६७ साली जन्मलेला, पाच फुटांहून बुटका हा मुलगा किशोरवयातच जागतिक विक्रम मोडत होता. १९८५मध्ये तो अचानक ‘नाऊम शालामानोव’ झाला. नाव त्यानं बदललं नव्हतं, सरकारनं बदललं होतं. डिसेंबर १९८६मध्ये मेलबर्नच्या स्पर्धेतून तो पसार झाला आणि तुर्कस्तानात पोचला. बल्गेरियाचा आक्षेप दूर करण्यासाठी तुर्की सरकारनं सुमारे दहा लाख डॉलर मोजले, आणि १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये त्यानं नव्या देशासाठी सुवर्णपदक उचललं. आता तो नईम सुलेमानोलू होता.

बाकीच्या आठ लाखांहून अधिक तुर्की मुसलमानांना अशी वाट नव्हती. डिसेंबर १९८४च्या अखेरीस कर्जाली भागातून मोहीम सुरू झाली. मिलिशिया गावाला वेढा घालायची, मंजूर बल्गेरियन नावांची यादी पुढे ठेवायची. नव्या नावाचं ओळखपत्र नसेल तर पगार नाही. मेलेल्या आईबापांची नावंही नोंदवहीत बदलली गेली. रस्त्यात तुर्की बोललं की दंड, सुंतेवर बंदी. विरोध करणारे डॅन्यूब नदीतल्या बेलेने बेटावर डांबले गेले. २६ डिसेंबरला मोगिल्याने गावात निदर्शकांवर गोळीबार झाला, त्यात तुर्कान नावाची दीड वर्षाची मुलगी गेली.

कम्युनिस्ट पक्षानं या प्रकाराला ‘पुनरुज्जीवन’ म्हटलं. युक्तिवाद असा की बल्गेरियात तुर्क नाहीतच. जे आहेत ते उस्मानी काळात बळजबरीनं बाटवलेले बल्गेरियन आहेत. म्हणजे ज्याचं नाव हिसकावलं, त्यालाच सांगायचं की तुझं खरं नाव आम्ही परत करतोय! तिथंही बाळाच्या कानात अजान देऊन नाव उच्चारायची रीत आहे, आपल्यासारखीच. त्या नावाची किंमत काय, हे आपल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

मे १९८९मध्ये लोक रस्त्यावर उतरले. २९ मेला देशाचे सर्वेसर्वा तोदोर झिवकोव यांनी टीव्हीवरून तुर्कस्तानला सीमा उघडण्याचं आव्हान दिलं. ऑगस्टमध्ये तुर्कस्ताननं सीमा बंद करेपर्यंत सुमारे ३ लाख ६० हजार माणसं निघून गेली. कागदोपत्री ते सगळे पर्यटक होते, म्हणून या स्थलांतराला आजही उपहासानं ‘मोठी सहल’ म्हणतात. तंबाखूचं पीक शेतात वाळत राहिलं. १० नोव्हेंबरला झिवकोव पडले, २९ डिसेंबरला पक्षानं निर्णय मागे घेतला आणि १९९०च्या मार्चमध्ये जुनी नावं परत घेण्याचा कायदा झाला.

इथवरची गोष्ट सरळ आहे. पुढची नाही.

गेलेल्यांपैकी सुमारे दीड लाख परत आले. घर, जमीन, मागे राहिलेली म्हातारी माणसं तर होतीच. शिवाय तुर्कस्तानात त्यांना ‘बल्गेरियावाले’च म्हटलं जाई. परत आले ते कोसळत्या अर्थव्यवस्थेत. ठरल्या भावानं तंबाखू घेणारी सरकारी व्यवस्था खिळखिळी झाली. रोदोपी डोंगरातलं मदान हे शिसं-जस्ताच्या खाणींचं गाव. तिथले पोमाक, म्हणजे बल्गेरियन बोलणारे मुसलमान, त्यांची नावं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच बदलली होती. अमेरिकन अभ्यासक क्रिस्टन गोडसी यांनी या गावावर सविस्तर लिहिलंय. खाणीतला कामगार हा जुन्या राजवटीत मानाचा माणूस होता. खाणी बंद पडल्यावर त्याच्याकडे नाव आलं, मशीद आली, पण सकाळी उठून जायची जागा उरली नाही. फेब्रुवारी १९९७ या एका महिन्यात देशातली महागाई दोनशे टक्क्यांहून जास्त वाढली. अशा माणसानं ‘झिवकोवच्या काळी बरं होतं’ म्हटलं तर त्याला गुलामीची आवड आहे, असं समजणं मला अन्यायाचं वाटतं. तो पगाराबद्दल बोलतोय, नावाबद्दल नाही.

‘जागतिक मूल्य सर्वेक्षण’ लोकांना दोन प्रश्न विचारतं. आयुष्यात निवडीचं किती स्वातंत्र्य आहे असं वाटतं, आणि एकूण आयुष्याबद्दल किती समाधानी आहात? दोन्हींचं उत्तर एक ते दहा अंकांत. रोनाल्ड इंगलहार्ट आणि सहकाऱ्यांनी या उत्तरांवरून म्हटलं की निवडीची मोकळीक वाढली की समाधान वाढतं. रिचर्ड ईस्टरलिन यांनी पूर्व युरोपचे आकडे घेऊन दाखवलं की नव्वदच्या दशकात समाधान आधी धाडकन घसरलं, मग हळूहळू सावरलं. बल्गेरिया तर अशा तुलनांमध्ये सतत तळाशी. २०१०मध्ये ‘इकॉनॉमिस्ट’नं उत्पन्नाच्या मानानं जगातली सर्वांत दुःखी जागा म्हणून त्याचीच नोंद केली.

पण एक गोष्ट या चर्चेत निसटते. ही प्रश्नावली बल्गेरियात पोचली तेव्हा झिवकोव पडलेले होते. १९८५च्या हिवाळ्यात, मिलिशिया दाराशी असताना, कर्जालीतल्या कुणालाही ‘एक ते दहापैकी किती?’ असं विचारलेलं नाही. नोकऱ्या गेल्याचं दुःख आलेखात उतरलं, नाव परत मिळाल्याचं समाधान उतरायला त्याआधीचा आकडाच नाही. त्यातून देशाची सरासरी काढली की दर दहा माणसांत एखाद्या तुर्काचं म्हणणं सोफियातल्या नऊ जणांत विरघळून जातं, आणि त्या नऊंचं नाव कधी गेलंच नव्हतं.

२००७मध्ये बल्गेरिया युरोपीय संघात गेला. जुन्या नावाचा, नवा पासपोर्ट घेऊन या भागातली तरुण मंडळी जर्मनी, नेदरलँड्सला कामाला गेली. १९८९मध्ये नव्वद लाखांच्या घरात असलेली देशाची लोकसंख्या २०२१च्या जनगणनेत पासष्ट लाखांवर आली. ११ जानेवारी २०१२ला बल्गेरियाच्या संसदेनं नामांतराचा निषेध करून १९८९च्या हकालपट्टीला वांशिक सफाई म्हटलं. १९९१पासून रेंगाळलेल्या खटल्यात मात्र कुणालाही शिक्षा झालेली नाही.

मोगिल्यानेत त्या मुलीच्या नावानं एक ‘चेश्मे’ बांधलाय. शब्द आपलाच, उर्दूतला चश्मा, झरा. दर २६ डिसेंबरला तिथं थंडीत गर्दी जमते. दगडावर तिचं नाव तुर्कान असंच आहे.