डोळ्याच्या खोबणीतली काटकी आणि धनुर्वाताचा इतिहास

उन्हाळा लागला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मोहफुले वेचायला, मग तेंदूपत्ता तोडायला गावेच्या गावे बाहेर पडतात. बांबूची तोड, सरपण, गुरे चारणे हे तर चालूच असते. अशा कामात कधी बांबूचे टोक किंवा वाळकी काटकी डोळ्याजवळ घुसते. पापणीवर लहानशी जखम, थोडे रक्त, नजर शाबूत. ‘डोळा वाचला’ म्हणून माणूस पुन्हा कामाला लागतो. बहुतेकदा निभावतेही. पण क्वचित अशा जखमेतून जिवावर बेतणारे जंतू आत जातात. त्यांपैकी एक धनुर्वाताचा.

डोळ्याची खोबण म्हणजे हाडांचा निमुळता कप्पा. तिच्या छताचे हाड पातळ असते आणि त्यावर लगेच मेंदू. लाकडाचा तुकडा आत मोडून राहिला, तर वरची जखम भरून येते आणि तुकडा मातीसकट आत कोंडला जातो. एक्स-रेमध्ये लाकूड सहसा दिसत नाही. प्राणवायू न पोचणारी अशी जागा धनुर्वाताच्या जंतूला मानवते.

डोके किंवा चेहऱ्याच्या जखमेतून होणाऱ्या धनुर्वाताचे वर्णन जर्मन शल्यचिकित्सक एडमंड रोझ यांनी १८७० साली केले. यात जखमेच्या बाजूचा चेहरा लुळा पडतो. जखम खोबणीत असेल तर पापणी पडते, डोळा हलत नाही. घरच्यांना वाटते, तोंडावरून वारे गेले. दातखीळ बसते ती बऱ्याचदा नंतर, आणि तोवर वेळ गेलेली असते.

हा रोग कशाने होतो हे तेव्हा ठाऊक नव्हते. १८८४ साली आर्थर निकोलायर यांनी प्राण्यांना माती टोचून धनुर्वात निर्माण केला. १८८९ साली बर्लिनमध्ये शिबासाबुरो कितासातो या जपानी संशोधकाने हा जंतू हवेविना वाढवून वेगळा केला. त्याचे बीजाणू उष्णतेला दाद देत नाहीत, हेही त्यातून दिसले. पुढच्याच वर्षी कितासातो आणि बेरिंग यांनी त्याच्या विषावर रक्तातले प्रतिविष शोधले.

याच जंतूचे एक दुःखद प्रकरण मुंबईशी जोडलेले आहे. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी परळच्या प्रयोगशाळेत बनलेली प्लेगची लस टोचल्यावर १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका वाल्डेमार हाफकिन यांच्यावर आला. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता, हे पुढे आले आणि हाफकिन दोषमुक्त झाले. काटकीला लागलेल्या मातीकडेही याच नजरेने पाहायला हवे.

१९२० च्या दशकात फ्रान्समध्ये गास्तों रामोन यांनी विष निष्प्रभ करून त्याचीच लस बनवण्याची वाट दाखवली. भारतात १९७८ साली देशव्यापी लसीकरण सुरू झाले. माता व नवजात बाळांच्या धनुर्वाताचे देशातून उच्चाटन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. हे मोठेच यश. पण नियमित कार्यक्रमात शेवटचा डोस सोळाव्या वर्षी. गरोदरपणात बायांना पुन्हा लस मिळते, पुरुषांना मात्र नाही. बांबू तोडणाऱ्या चाळिशीच्या माणसाला शेवटचे इंजेक्शन कधी घेतले हे आठवतही नाही.

गडचिरोली १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. १९७३ साली भामरागडजवळ हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथे अस्वलाने फाडलेले रुग्णही येऊ लागले. आज रस्ते आणि दवाखाने वाढले आहेत, पण जखम किरकोळ समजली तर त्यांचा उपयोग होत नाही.

म्हणून एवढे लक्षात ठेवा:

• घुसलेली काटकी ओढून काढू नका, डोळा दाबू नका.
• पाल्याचा रस, तूप, दूध काही घालू नका. डोळ्यावर दाब न देता कागदी कप धरून रुग्णालय गाठा.
• ‘लाकूड घुसले होते’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. सीटी स्कॅन लागू शकतो.
• धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्या. मातीची, खोल जखम असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षे झाली असतील तर लगेच घ्या. पूर्वी लसच झाली नसेल तर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते.
• नंतर पापणी पडली, तोंड वाकडे झाले, जबडा आखडला किंवा डोळा सुजून पुढे आला, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

एकदा धनुर्वात होऊन गेला तरी शरीराला त्यापासून संरक्षण मिळत नाही. ते फक्त लसीने मिळते, आणि ही लस प्राथमिक आरोग्य केंद्रात असते. पुढच्या हंगामात जंगलात जाण्याआधी घरातल्या पुरुषांनाही ती टोचून घ्यायला सांगा.