सिसिलीहून आलेला सुगंधी वाटाणा

पुण्यात थंडी पडली की काही जुन्या बंगल्यांच्या कुंपणांवर 'स्वीट पी'ची फुले डोलू लागतात. माझ्या वडिलांनीही अंगणात सुतळीच्या जाळीवर ही वेल चढवली होती. एका संध्याकाळी माझ्या पाच वर्षांच्या भाच्याने तिच्या शेंगा मटार समजून सोलल्या आणि दाणे तोंडात टाकले. आईने बोट घालून ते बाहेर काढले, म्हणून निभावले. दिसायला वाटाणा असला तरी हा दाणा विषारी! वडील वेल उपटायला निघाले. मी त्यांना थांबवले आणि ही वेल आली कुठून, याचा शोध घेऊ लागलो.

ती मूळची रानटी. सिसिली बेट आणि दक्षिण इटलीची. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को कुपानी या फ्रान्सिस्कन साधूने तिची नोंद केली. पालेर्मोजवळ मिसिल्मेरी येथे एका सरदाराची वनस्पतीबाग होती, ती तो सांभाळत असे. 1699 मध्ये त्याने इंग्लंडमधल्या रॉबर्ट युव्हडेल या शाळामास्तरांना बी पाठवले. फुले लहान, एका दांड्यावर साधारण दोनच. वरची पाकळी लालसर जांभळी, खालच्या निळसर. पण सुगंध असा की बाग भरून जावी!

पुढची दीडशे वर्षे फारसे काही घडले नाही; मोजकेच रंग निघाले. मग 1870 च्या सुमारास हेन्री एकफर्ड हा स्कॉटिश माळी पुढे आला. हाताने परागीकरण करून त्याने फुले मोठी केली, नवे रंग आणले. 1900 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये या फुलाच्या आगमनाची द्विशताब्दी साजरी झाली. तिथे मांडलेल्या 264 वाणांपैकी 115 एकट्या एकफर्डचे होते.

लगेच 1901 मध्ये सायलस कोल या माळ्याने झालरीसारख्या पाकळ्यांचे गुलाबी फूल प्रदर्शनात मांडले. तो ऑल्थॉर्पच्या स्पेन्सर घराण्याच्या चाकरीत होता. राजकन्या डायनाचे माहेर तेच. या 'स्पेन्सर' वाणांनी बाजार जिंकला. पुढे मात्र आकाराच्या आणि रंगाच्या हव्यासात कित्येक वाणांचा सुगंध फिका पडला. ज्या गुणामुळे फुलाला 'स्वीट' म्हटले, तोच मागे राहिला.

आता खरी गंमत ऐका. त्याच दशकात केंब्रिजला बेटसन, पनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन पांढऱ्या स्वीट पींचा संकर केला. फुले पांढरीच येणार, असे कुणालाही वाटेल. आली ती जांभळी, थेट सिसिलीच्या रानातल्यासारखी! रंगासाठी लागणाऱ्या दोन घटकांपैकी एकेकच प्रत्येक पांढऱ्या फुलात होता; दोन्ही एकत्र येताच रानातला पूर्वज पुन्हा प्रकटला. मेंडेलच्या सिद्धान्ताला त्यातून मोठी पुष्टी मिळाली. माणसाने दोनशे वर्षे घासूनपुसून काढलेले रानटीपण आत शाबूत होते.

कुपानीच्या नावाने ते जुने जांभळे वाण आजही विकले जाते. तुम्हाला ही वेल लावायची असेल, तर परतीचा पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यास पेरा. मी एकदा घाईने ऑगस्टमध्ये पेरले, तर सगळे बी कुजून गेले. बियांचे कवच टणक असते. डोळ्याची बाजू सोडून नेलकटरने किंचित खरवडा आणि रात्रभर भिजत घाला. भरपूर ऊन आणि निचऱ्याची जमीन हवी. खोल चर खणून कुजलेले शेणखत भरा, वीतभर अंतराने बोटाच्या एका पेराइतके खोल बी टोचा. रोप चार बोटे वाढले की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतील. आधाराला पुरुषभर उंचीची जाळी लागते.

आणि फुले रोज खुडा. शेंग धरली की वेलीला वाटते आपले काम झाले, आणि बहर आटतो. रोज खुडलीत तर मार्चचे ऊन तापेपर्यंत फुले मिळतील आणि शेंगाच धरणार नाहीत. मग मुलांच्या हाती लागण्याचा प्रश्नच नाही.

आमच्या घरी वेल राहिली ती याच नियमावर. रोज सकाळी फुले खुडायचे काम वडिलांनी कुणावर सोपवले असेल? त्याच भाच्यावर!

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)