विश्वाचे संगणकीय सदृशीकरण

विश्वाचे संगणकीय सदृशीकरण ही विश्वाची उत्क्रांती भौतिकशास्त्राच्या नियमांनुसार संगणकावर घडवून अभ्यासण्याची पद्धत आहे. तिला सिम्युलेशन असेही म्हणतात. दीर्घिकांची निर्मिती प्रयोगशाळेत घडवता येत नाही; त्यामुळे विश्वरचनाशास्त्रात ही पद्धत प्रयोगाची जागा घेते.

इतिहास

१९४१ मध्ये स्वीडिश खगोलशास्त्रज्ञ एरिक होल्मबर्ग यांनी दोन दीर्घिकांची टक्कर विजेच्या ७४ दिव्यांच्या साहाय्याने अभ्यासली. प्रकाशाची तीव्रता गुरुत्वाकर्षणाप्रमाणेच अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, या साम्याचा त्यांनी उपयोग केला. पुढे हे काम संगणकाकडे आले.

कार्यपद्धती

कृष्णद्रव्य असंख्य कणांच्या रूपात कल्पून प्रत्येक कणावरील गुरुत्वबल काढले जाते आणि काळाच्या लहान टप्प्यांनी कणांची स्थाने बदलली जातात. १,००० कणांच्या सुमारे ५ लाख जोड्या होतात, तर १० लाख कणांच्या सुमारे ५०,००० कोटी. हा भार हलका करण्यासाठी दूरच्या कणांचा समूहाने विचार करतात. २००५ च्या ‘मिलेनियम’ सदृशीकरणात सुमारे १,००० कोटी कण होते.

महाराष्ट्रातील संशोधन

पुण्यात १९८८ मध्ये आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र (आयुका) स्थापन झाले. जयंत नारळीकर हे त्याचे संस्थापक-संचालक होत. त्याच वर्षी स्थापन झालेल्या पुण्याच्याच सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. आयुकात थाणू पद्मनाभन आणि त्यांचे विद्यार्थी जसजीत सिंग बागला यांनी कणाधारित सदृशीकरणांवर संशोधन केले. २००२ मध्ये बागला यांनी ‘ट्री-पीएम’ ही जलद गणनपद्धती मांडली.

महत्त्व आणि मर्यादा

कृष्णद्रव्य वेगवान न्यूट्रिनोंचे बनलेले असते, तर दीर्घिकांची मांडणी प्रत्यक्षात दिसते तशी झाली नसती, हे १९८० च्या दशकातील सदृशीकरणांनी दाखवून दिले. अदृश्य द्रव्याविषयीची एक कल्पना अशा रीतीने आकाशाशी पडताळून मागे पडली.

‘मिलेनियम’मधील एकेक कण मात्र सूर्याच्या सुमारे १०० कोटी पट वस्तुमानाचा होता, त्यात ताऱ्यांचा जन्म दिसणे शक्य नव्हते. अशा प्रक्रिया अंदाजी सूत्रांनी मांडाव्या लागतात. म्हणून निष्कर्षांची निरीक्षणांशी तुलना आवश्यक ठरते. पुण्यातील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये जाहीर झालेला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेला ‘सरस्वती’ महासमूह हे याचे उदाहरण होय. विश्वाच्या तुलनेने तरुण वयात एवढी प्रचंड रचना कशी घडली, हा प्रश्न त्यामुळे सदृशीकरणांपुढे उभा राहिला.