नदीच्या वळणावरचं गाव

दुपारची कामं आटोपून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. कुणाच्या पुढ्यात निवडायचे तांदूळ असतील, कुणाच्या हातात सुईदोरा. आज आम्ही तुम्हाला अमेरिकेतल्या एका लहानशा गावाची गोष्ट सांगणार आहोत. अमेरिका म्हटलं की आपल्याला उंच इमारती आठवतात. या गावात कापसाची शेतं होती, लाकडी घरं होती आणि दोरीवर वाळत टाकलेल्या गोधड्या होत्या. गावाचं नाव जीज बेंड.

बेंड म्हणजे वळण. अमेरिकेच्या दक्षिणेला अलाबामा नावाचं राज्य आहे. तिथली अलाबामा नदी एका ठिकाणी घोड्याच्या नालेसारखी वळते आणि त्या वळणाच्या पोटात हे गाव आहे. तीन बाजूंना पाणी, बाहेर पडायला एकच वाट. दवाखाना, बाजार, कचेरी हे सगळं नदीपलीकडे, कॅमडेन या गावात. आजूबाजूच्या मुलखाला तिथे काळ्या मातीचा पट्टा म्हणतात. काळी माती आणि कापूस यांचं नातं आपल्याला सांगायला नको.

कापसासाठीच १८१६ साली जोसेफ जी नावाचा जमीनदार उत्तर कॅरोलिनाहून इथे आला. सोबत त्याने गुलाम आणले. ही आफ्रिकेतून धरून आणलेल्या लोकांची मुलंबाळं. पुढे जी घराण्यावर कर्ज झालं आणि १८४५ मध्ये हा सगळा मळा माणसांसकट मार्क पेटवे या नातेवाइकाकडे गेला. या पेटवेने आपले शंभरेक गुलाम उत्तर कॅरोलिनाहून इथे आणले. मालकाचं सामान गाड्यांतून आलं, माणसं पायी चालत आली. गुलामांना मालकाचं आडनाव लागलं. म्हणून आजही या गावात घरोघरी पेटवे भेटतात, एकमेकांचे कोणी लागत नसले तरी.

१८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. पण जमीन मालकाचीच राहिली. कालचे गुलाम आज वाट्याने शेत करू लागले. बियाणं, खत, वर्षभराचं पीठमीठ व्यापाऱ्याकडून उधार घ्यायचं आणि कापूस निघाला की फेडायचं. किती घेतलं, किती फिटलं हे व्यापाऱ्याच्या वहीत. ज्याला वाचता येत नव्हतं त्याने त्या वहीवर विश्वास ठेवायचा. वर्षामागून वर्षं गेली तरी बाकी सरायची नाही.

मग १९३२ साल आलं. कापसाचे भाव आधीच पार कोसळले होते. त्यात कॅमडेनचा एक व्यापारी वारला. त्याच्या घरच्यांनी वही उघडली आणि वसुलीला माणसं पाठवली. साठेक कुटुंबांच्या घरातून खेचरं, गाई, नांगर, मका, रताळी, जे हाती लागलं ते उचलून नेलं. हिवाळा तोंडावर होता. लोकांनी रानातली फळं खाऊन, नदीतले मासे धरून आणि रेड क्रॉसच्या शिध्यावर दिवस काढले.

पाच वर्षांनी, १९३७ मध्ये, केंद्र सरकारने ही जमीन विकत घेतली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या काळातली ही योजना. नवी घरं बांधली, त्यांना लोक रूझवेल्ट घरंच म्हणायचे. शाळा आली, सहकारी दुकान आलं, कापसाचं जिनिंग आलं. पुढच्या काही वर्षांत कुटुंबांना हप्त्याने जमीन विकत घेता आली. ज्यांचे आजे-पणजे याच मातीत विकले गेले होते, त्यांच्या नावावर आता ती माती झाली. या गोष्टीतली ही गाठ लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

आता गोधड्यांकडे येऊ. फटींतून वारं शिरणारी घरं, थंडी कडाक्याची आणि विकतचं पांघरूण परवडणारं नाही. मग बायका जुनी कामाची पँट, फाटलेली साडी नव्हे पण झगा, पिठाच्या पिशव्या, खताची पोती, असं सगळं जोडायच्या. आपल्या वाकळीसारखंच. फक्त त्यांच्या गोधडीच्या पोटात कापूस असतो. जिनिंगच्या जमिनीवर पडलेला कापूस आणायचा, काठीने झोडपून मोकळा करायचा आणि अस्तर लावून टाके घालायचे. त्यातल्या एका नमुन्याला त्या घराचं छप्पर म्हणतात. मधे एक चौकोन आणि त्याभोवती पट्ट्या जोडत जायच्या. कोणी नेहमीच्या नमुन्याबाहेर जाऊन मनाने जोडलं तर म्हणायची, ही माझी पद्धत.

१९४२ मध्ये मिझुरी पेटवे या बाईचा नवरा गेला. तिने त्याचे शेतातले कपडे काढले. गुडघ्यावर विटलेली पँट, मळकट सदरे. मुलीला मदतीला घेतलं आणि त्यांची गोधडी शिवली, पांघरल्यावर त्याची आठवण जवळ राहावी म्हणून. तेव्हा ती गोधडी कोणाला दाखवायची नव्हती.

साठच्या दशकात कृष्णवर्णीय लोक मतदानाचा हक्क मागू लागले. विलकॉक्स काउंटीत, म्हणजे त्यांच्या जिल्ह्यात, बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय होते. तरी १९६५ पर्यंत त्यांच्यातला एकही मतदार यादीत नव्हता. जीज बेंडचे लोक नाव नोंदवायला कॅमडेनला जाऊ लागले आणि १९६२ मध्ये नदीवरची फेरीबोट बंद झाली. पाव तासाच्या वाटेला आता साठेक किलोमीटरचा वळसा. बाळंतीण अडली तरी तोच वळसा. फेब्रुवारी १९६५ मध्ये मार्टिन लूथर किंग स्वतः या गावात येऊन बोलले. लोक वळसा घालून गेले, पण गेले.

त्या दिवसांत नाव नोंदवलं म्हणून आसपासच्या गावांत मालकांनी कुळांना घराबाहेर काढलं. जीज बेंडमध्ये अनेकांच्या पायाखाली स्वतःची जमीन होती, त्यांना काढणार कोण? ती १९३७ नंतरची गाठ इथे कामाला आली.

त्याच सुमारास फ्रान्सिस वॉल्टर नावाचे एक पाद्री या भागात फिरत होते. दोरीवरच्या गोधड्या त्यांनी पाहिल्या आणि दहा डॉलरला एक अशा विकत घेऊन न्यूयॉर्कला लिलावात मांडल्या. त्यातून मार्च १९६६ मध्ये बायकांची सहकारी संस्था उभी राहिली, फ्रीडम क्विल्टिंग बी. फ्रीडम म्हणजे स्वातंत्र्य आणि बी म्हणजे शिवायला जमलेल्या बायका. एस्टेल विदरस्पून यांनी संस्थेचा कारभार सांभाळला. संस्थेने तेवीस एकर जमीन घेतली, शिवणकेंद्र बांधलं आणि घराबाहेर काढलेल्या काही कुटुंबांना त्यातले तुकडे विकत दिले. पहिल्यांदाच बायकांच्या हातात स्वतःची मजुरी आली.

सगळं गोड झालं असं नाही. शहरातल्या मोठ्या दुकानांना सगळ्या गोधड्या एकसारख्या हव्या असत. माप तेच, टाका तोच. ‘माझी पद्धत’ तिथे चालत नसे. नदीवर धरण झालं, त्यात गावाची चांगली जमीन पाण्याखाली गेली. तरुण पोटासाठी शहरात गेले.

मग २००२ मध्ये घरच्या जुन्या गोधड्या, अगदी मिझुरीच्या त्या गोधडीसह, ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत भिंतीवर लागल्या. २००६ मध्ये टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. नाव झालं तसा प्रश्नही आला. नमुना आपला, मग त्याच्या पैशात आपला वाटा किती? २००७ मध्ये काही बायका कोर्टात गेल्या. पुढच्या वर्षी तडजोड झाली.

फेरीबोट मात्र २००६ मध्ये परत सुरू झाली, चव्वेचाळीस वर्षांनी. जी १९६२ साली जन्मली, ती तोवर आजी व्हायच्या वयाची झाली होती.

मैत्रिणींनो, आम्ही ही गोष्ट निवडली ती गोधडीसाठी खरी, पण वाचता वाचता आम्हाला सारखी ती वही दिसत राहिली. व्यापाऱ्याची वही, जमिनीचा कागद, मतदारांची यादी, मग विक्रीचा हिशेब. कष्ट त्या बायकांनी सगळ्या काळात सारखेच केले. वही कोणाच्या हातात होती, त्यावर त्यांचे दिवस बदलले. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत वही मधे ठेवा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा हिशेब वाचा. जिला वाचता येत नाही, तिला शेजारी बसवा.