मद्यमुक्तीची मीटिंग

दारूच्या व्यसनातून सुटू पाहणारी आणि सुटलेली माणसे ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी एकत्र बसून आपापले अनुभव सांगतात, ती सभा. मराठी मुलखात तिला सगळे ‘मीटिंग’च म्हणतात. अशा मीटिंगांचे सर्वांत मोठे जाळे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजेच ‘एए’चे आहे. तिथे फी नसते आणि बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत. जागेचे भाडे आणि चहाचा खर्च सभासदांनी स्वखुशीने टाकलेल्या पैशांतून निघतो. सभासद होण्यासाठी अट एकच, दारू सोडण्याची इच्छा.

या चळवळीचा आरंभच मुळी एका शोधातून झाला. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन कामानिमित्त अमेरिकेतल्याच अ‍ॅक्रन शहरात आला होता. दारू सोडून त्याला काही महिने झाले होते. व्यवहार फसला आणि हॉटेलातला बार त्याला खुणावू लागला. बारमध्ये न जाता त्याने चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला घेतले. बोलायला दुसरा एखादा दारुडा मिळावा, एवढीच त्याची मागणी होती. त्या धडपडीतून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. पंधरा मिनिटांसाठी ठरलेली भेट काही तास चालली. डॉ. बॉब यांनी शेवटचा प्याला घेतला तो १० जून १९३५ रोजी, आणि एए हाच दिवस आपला स्थापनादिन मानते.

भारतात मदतीचा असा शोध अजून फार थोडे लोक घेतात. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठले तरी उपचार मिळतात. उरलेल्यांना वाट दाखवायला निदान एक फोन नंबर तरी पाठ असावा : केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, किंवा मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस, १४४१६. एएचे भारतातले मध्यवर्ती कार्यालय मुंबईत आहे. तिथून किंवा एएच्या वेबसाइटवरून जवळच्या ग्रुपचा पत्ता, वार आणि भाषा कळते. व्यसनमुक्ती केंद्रांत विचारणे हा तितकाच भरवशाचा मार्ग. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण, किंवा फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत उभारलेले कृपा फाउंडेशन, अशा ठिकाणी उपचारांनंतरच्या पाठपुराव्यालाही तेवढेच महत्त्व दिले जाते.

मीटिंग अनेकदा संध्याकाळी, शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या सभागृहात भरते. सुट्ट्यांत किंवा परीक्षांच्या काळात जागा बदलू शकते, म्हणून निघण्याआधी फोन करावा. मीटिंग ‘खुली’ असेल तर नातेवाईक, विद्यार्थी, कोणीही बसू शकते. ‘बंद’ मीटिंग फक्त पिण्याचा प्रश्न असलेल्यांसाठी असते. नाव पहिले तेवढेच सांगायचे, आडनाव नाही. बोललेच पाहिजे अशी सक्ती नाही. पहिल्या दिवशी मागच्या बाकावर बसून नुसते ऐकले तरी चालते. कानावर पडलेले तिथेच ठेवावे, एवढा संकेत मात्र सगळ्यांनी पाळायचा.

निवड करताना दोन गोष्टी आधी पाहाव्यात : अंतर आणि भाषा. शहराच्या दुसऱ्या टोकाचा नावाजलेला ग्रुप महिन्यातून एकदा गाठण्यापेक्षा चालत जाण्याच्या अंतरावरचा साधा ग्रुप अधिक उपयोगी, कारण इथे वारंवार जाण्यालाच मोल आहे. शरमेची गोष्ट सांगायला मातृभाषाच लागते. ऑनलाइन मीटिंगांमुळे परदेशातल्या मराठी माणसालाही मातृभाषेत बोलण्याची सोय झाली आहे. पुरुषांनी भरलेल्या खोलीत बोलणे स्त्रीला अवघड वाटत असेल, तर फक्त स्त्रियांची मीटिंग आहे का, हे बेधडक विचारावे. एक ग्रुप मानवला नाही तर दुसरा, तिसरा पाहावा. एका मीटिंगवरून सगळ्यांना नापास करू नये. एएच्या कार्यक्रमातल्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, पण तो ज्याला जसा उमगेल तसा, आणि एए कुठल्याही धर्माशी बांधलेली नाही.

याचा गुण येतो का? वैद्यकीय संशोधनाचा पुरावा तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसे होती. सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत, एएकडे नेणारी पद्धतशीर उपचारयोजना इतर रूढ मानसोपचारांहून सरस ठरली.

तरीही एक गोष्ट मीटिंगच्या आधी येते. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत भ्रम आणि प्रचंड थरथर सुरू होऊ शकते. यात जीवही जातो. अशा माणसाने आधी डॉक्टर गाठावा, मग मीटिंग.

पिणारा यायला तयार नसला तरी घरच्यांनी थांबून राहू नये. बिलची पत्नी लोइस हिने १९५१ मध्ये ॲन नावाच्या मैत्रिणीबरोबर अल-ॲनॉन उभी केली, ती कुटुंबीयांसाठीच. किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन आहे. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो. नवरा पीत असतानाही बायको तिथे जाऊ शकते. तिने जरूर जावे.

गावात मीटिंगच नसेल तर? एएच्या परंपरेनुसार दारू सोडू पाहणारे दोन-तीन जण त्यासाठी एकत्र बसले, तरी ते स्वतःला ग्रुप म्हणवू शकतात. मुंबईच्या कार्यालयाला कळवून त्यांनी तो सुरू करावा.